शाळेच्या संगणकावर लिनक्स बसविण्यापूर्वी डिस्कची आखणी

१. प्रास्ताविक

ज्या शाळांत संगणक आला, त्या शाळांत त्याच्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली. मुलांनी लिहिलेले निबंध, त्यांनी काढलेली चित्रे, गावातील वृद्ध स्त्रियांकडून ऐकून टिपून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, परिसर-अभ्यासाची छायाचित्रे आणि शाळेची कित्येक टिपणे त्या यंत्राच्या पोटात साठत जातात. वहीचे एक पान फाटले तरी बाकीची वही शिल्लक राहते. संगणकाच्या डिस्कची गोष्ट तशी नाही. तेथे एका चुकीच्या निवडीने वर्षभराचे काम क्षणार्धात नाहीसे होऊ शकते, आणि ही चूक बहुधा एकाच प्रसंगी घडते. तो प्रसंग म्हणजे संगणकावर नवी कार्यप्रणाली बसविण्याचा.

असा प्रसंग आता पुष्कळ शाळांवर येत आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशी यंत्रे मोडीत न काढता त्यांवर लिनक्स बसविणे हा एक चांगला मार्ग होय. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सच्या गाभ्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आज डेबियन, उबंटू इत्यादी नावांनी त्याची अनेक वितरणे विनामूल्य उपलब्ध आहेत. सी-डॅक या भारतीय संस्थेने सिद्ध केलेले ‘बॉस’ हे वितरण डेबियनवरच आधारलेले आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांत तर लिनक्सचा वापर कित्येक वर्षांपासून रूढ आहे.

लिनक्स बसविण्याचे काम स्वतः फारसे अवघड नाही. अवघड आहे ते त्यापूर्वीचे काम, म्हणजे डिस्कचे विभाग कोणते व केवढे पाडावयाचे, हे ठरविणे. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघालेल्या माणसाप्रमाणे इन्स्टॉलरचा पडदा समोर आल्यावर जो विचार करावयास बसतो, तो घाईने काहीतरी निवडतो. यास्तव ही आखणी आधी कागदावर करावी. ती कशी करावी, हे शिक्षकांस समजावून देणे आणि त्याच विषयावर वरच्या वर्गासाठी एक पाठ सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. डिस्क, तिचे विभाग व विभागांची नोंद

डिस्क म्हणजे एक मोठे मोकळे शेत आहे असे मानावे. त्या शेतात बांध घालून जे तुकडे पाडले जातात, त्यांस विभाग किंवा पार्टिशन म्हणतात. जमिनीवरचे बांध डोळ्यांना दिसतात, परंतु डिस्कवरचे बांध केवळ नोंदीत असतात. कोणता विभाग कोठून सुरू होतो व कोठे संपतो, हे डिस्कच्या आरंभी लिहिलेल्या एका तक्त्यात नोंदलेले असते. सातबाराचा उतारा हरवला म्हणून जमीन कोठे जात नाही, परंतु कोणता तुकडा कोणाचा, हे सांगणे कठीण होते. त्याचप्रमाणे हा तक्ता बिघडला तर माहिती डिस्कवर असूनही संगणकास ती सापडत नाही.

हा तक्ता लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत.

जुनी पद्धत ‘एमबीआर’ या नावाने ओळखली जाते. ती १९८३ साली आयबीएमच्या संगणकावरील डॉस २.० या प्रणालीबरोबर आली. या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये सर्व व्यवस्था असते. ४४६ बाइटांत संगणक सुरू करणारा छोटा कार्यक्रम, ६४ बाइटांत विभागांचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत ओळखीची खूण, अशी ती वाटणी आहे. एका विभागाच्या नोंदीस १६ बाइट लागतात. म्हणून ६४ बाइटांत चारच मुख्य विभाग मावतात, हे मुलेही भागाकार करून काढू शकतील. चारांहून अधिक विभाग हवे असल्यास त्यांतील एक विस्तारित विभाग करून त्याच्या पोटात इतर विभाग पाडावे लागतात. ५१२ बाइटांच्या सेक्टरांच्या हिशेबाने या तक्त्याची मजल सुमारे २.२ टेराबाइटांच्या पुढे जात नाही.

नवी पद्धत ‘जीपीटी’ होय. तीत सामान्यतः १२८ विभागांची सोय असते, आणि मुख्य म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. एक प्रत बिघडली तर दुसरीवरून ती दुरुस्त करता येते. शाळेच्या संगणकास चालत असेल तर हीच पद्धत निवडावी.

३. संगणक सुरू होताना काय घडते

विभागांची आखणी करावयाची तर संगणक सुरू होण्याचा क्रम समजला पाहिजे, कारण आखणीचे सर्व नियम त्या क्रमातून निघतात.

(अ) बटण दाबताच मुख्य पट्टीवरील एका चिपमध्ये कायम राहणारा कार्यक्रम जागा होतो. यास फर्मवेअर म्हणतात. तो स्मरणशक्ती, कळफलक, डिस्क यांची चाचपणी करतो. परंतु लिनक्स म्हणजे काय, हे त्यास मुळीच ठाऊक नसते.

(आ) जुन्या संगणकांतील ‘बायोस’ हे फर्मवेअर डिस्कचा पहिला सेक्टर वाचते व तेथील छोट्या कार्यक्रमाच्या हाती कारभार देते. नव्या संगणकांतील ‘यूईएफआय’ हे फर्मवेअर अधिक जाणते असते. ते विभागांचा तक्ता वाचते आणि त्यातून एक खास विभाग शोधून काढते. या विभागास ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ म्हणतात. त्याची मांडणी ‘फॅट’ या जुन्या व साध्या पद्धतीची असावी लागते, कारण प्रत्येक यूईएफआयला हीच मांडणी खात्रीने वाचता येते.

(इ) त्या विभागात ठेवलेला ‘ग्रब’ हा कार्यक्रम आता पुढे येतो. ग्रबला लिनक्सच्या अनेक मांडण्या वाचता येतात. तो ‘/बूट’ या कप्प्यातून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याच्या सोबतचे लहान गाठोडे, म्हणजे इनिट्रॅमएफएस, असे दोन्ही उचलून स्मरणशक्तीत आणतो.

(ई) त्या गाठोड्यातील साधनांच्या आधारे कर्नल मूळ विभाग शोधतो. लिनक्समध्ये या विभागाची खूण एक तिरकी रेघ, म्हणजे ‘/’ ही आहे, आणि त्यास रूट असे म्हणतात.

(उ) मूळ विभाग हाती आल्यावर तेथील ‘एफएसटॅब’ नावाच्या यादीनुसार बाकीचे विभाग आपापल्या जागी जोडले जातात आणि पडद्यावर प्रवेशाची चौकट दिसते.

या क्रमातील मर्म असे की, प्रत्येक पायरीवरील कार्यक्रम आधीच्यापेक्षा थोडे अधिक जाणतो, आणि पुढच्या पायरीची वस्तू त्यास वाचता येईल अशा जागीच ठेवलेली असावी लागते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? फर्मवेअरला न वाचता येणाऱ्या विभागात ग्रब ठेवला, किंवा ग्रबला न वाचता येणाऱ्या विभागात कर्नल ठेवला, तर डिस्क उत्तम असूनही संगणक सुरू होत नाही.

जुन्या पुस्तकांत ‘/बूट’ हा विभाग डिस्कच्या अगदी आरंभीच असावा असा आग्रह आढळतो. त्याचे कारणही हेच आहे. एके काळच्या बायोसला डिस्कच्या पहिल्या १,०२४ सिलिंडरांपलीकडे वाचता येत नसे. प्रथम ही मर्यादा सुमारे ५२८ मेगाबाइटांवर व पुढे सुमारे ८.४ गिगाबाइटांवर पडत असे. कर्नल त्या रेषेच्या पलीकडे गेला की संगणक अडत असे. आज ती अडचण राहिली नाही, परंतु तिच्यामागचे तत्त्व मात्र कायम आहे.

४. आखणीचे दोन प्रश्न

कागद समोर घेऊन शिक्षकांनी स्वतःस दोनच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : संगणक सुरू होण्यासाठी कोणाला काय वाचता आले पाहिजे? याच्या उत्तरातून ईएफआय विभाग निघतो. ‘/बूट’ साठी वेगळा विभाग हवा की नको, हेही येथेच ठरते. मूळ विभाग साध्या ‘ईएक्सटी४’ मांडणीचा असेल तर ग्रब तो वाचू शकतो, म्हणून वेगळ्या ‘/बूट’ची आवश्यकता नाही. मूळ विभाग कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेला असेल, किंवा ग्रबला न समजणाऱ्या मांडणीचा असेल, तर मात्र ‘/बूट’ वेगळा ठेवावा. तो निदान १ गिगाबाइटाचा असावा. प्रत्येक सुधारणेबरोबर नवा कर्नल येतो व जुना काही काळ राहतो. जागा अपुरी असल्यास विभाग भरतो आणि पुढची सुधारणा मध्येच अडकते.

दुसरा प्रश्न : प्रणाली बिघडली तर काय नष्ट होऊन चालणार नाही? याचे उत्तर शिक्षकांस ठाऊकच आहे. मुलांचे काम नष्ट होऊन चालणार नाही. प्रणाली पुन्हा आणता येते, ती पेनड्राइव्हवर असते. चौथीतल्या मुलीने आपल्या आजीवर लिहिलेला निबंध पुन्हा आणता येत नाही. शेतकरी खाण्याचे धान्य आणि बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. त्याच न्यायाने वापरणाऱ्यांच्या फाइली ज्या ‘/होम’ या कप्प्यात असतात, त्यास स्वतंत्र विभाग द्यावा. मग प्रणाली बिघडली तरी केवळ मूळ विभाग पुसून ती नव्याने बसविता येते, आणि ‘/होम’ला हातही लागत नाही.

५. पाचशे गिगाबाइटांच्या डिस्कची आखणी

यूईएफआय असलेला, ८ गिगाबाइट स्मरणशक्तीचा व ५०० गिगाबाइट डिस्कचा एक संगणक आहे, आणि त्यावर केवळ लिनक्सच बसवावयाचे आहे, असे समजू. त्याची आखणी पुढील क्रमाने करता येईल.

पहिला, ईएफआय विभाग : १ गिगाबाइट, मांडणी फॅट, जोडण्याची जागा ‘/बूट/ईएफआय’.
दुसरा, मूळ विभाग ‘/’ : ६० गिगाबाइट, मांडणी ईएक्सटी४. प्रणाली व सर्व कार्यक्रम यातच राहतील.
त्यानंतर मोकळी जागा : ३१ गिगाबाइट.
तिसरा, स्वॅप : ८ गिगाबाइट.
चौथा, ‘/होम’ : ४०० गिगाबाइट, मांडणी ईएक्सटी४.
एकूण ५०० गिगाबाइट.

यातील दोन गोष्टींचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. स्वॅप म्हणजे स्मरणशक्ती अपुरी पडली असता वापरावयाची राखीव जागा होय. संगणक ‘हायबरनेट’ करावयाचा असल्यास, म्हणजे चालू काम तसेच डिस्कवर उतरवून वीज बंद करावयाची असल्यास, स्वॅप स्मरणशक्तीहून कमी नसावा. काही वितरणे स्वतंत्र विभागाऐवजी मूळ विभागातच स्वॅपची फाइल ठेवतात, तेही चालते.

मोकळी जागा मूळ विभागास लागूनच का ठेवली, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. विभाग पुढच्या बाजूस वाढविणे सोपे असते, परंतु त्याचा आरंभ मागे सरकविणे वेळखाऊ व धोक्याचे असते. पुढे कार्यक्रम वाढून ६० गिगाबाइट अपुरे पडले, तर शेजारचा हा पडीक पट्टा मूळ विभागात सामील करता येईल. मोकळी जागा डिस्कच्या शेवटी ठेवली असती तर ती मूळ विभागाच्या उपयोगी पडली नसती.

संगणक जुन्या बायोसचा असेल तर ईएफआय विभागाची गरज नाही. तेथे एमबीआर पद्धत ठेवल्यास ग्रबचा आरंभ पहिल्या सेक्टरमध्ये आणि उरलेला भाग पहिल्या विभागापूर्वीच्या मोकळ्या जागेत बसतो. बायोस असूनही जीपीटी निवडल्यास मात्र ग्रबसाठी १ मेगाबाइटाचा एक लहान, कोणतीही मांडणी नसलेला ‘बायोस बूट’ विभाग राखून ठेवावा लागतो. तो विसरला तर ग्रब बसतच नाही.

आकड्यांविषयी एक सूचना. डिस्क विकणारे १ गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. काही कार्यक्रम मात्र १०२४ च्या घातांनी मोजतात. त्यामुळे ५०० गिगाबाइटांची डिस्क पडद्यावर सुमारे ४६५ दिसू शकते. तीत काही चोरीस गेलेले नाही, फक्त माप निराळे आहे. आखणी करताना इन्स्टॉलर कोणते माप वापरतो, हे पाहून आकडे घालावेत.

६. प्रत्यक्ष बसविताना घ्यावयाची काळजी

(१) प्रथम सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, व ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

(२) संगणक यूईएफआय रीतीने सुरू झाला आहे की जुन्या बायोसच्या रीतीने, हे आधी पाहावे. पेनड्राइव्ह एका रीतीने सुरू करून दुसऱ्या रीतीची आखणी केली, तर शेवटी संगणक सुरू होत नाही.

(३) डिस्क व पेनड्राइव्ह यांची नावे पडद्यावर सारखीच दिसतात. ती आकारावरून ओळखावीत. ५०० गिगाबाइटांची ती डिस्क, १६ किंवा ३२ ची ती पेनड्राइव्ह.

(४) ‘संपूर्ण डिस्क पुसा’ ही निवड सर्वांत सोपी दिसते, आणि सर्वांत अधिक नुकसान तीच करते. विभाग स्वतः ठरविण्याची निवड घ्यावी व कागदावरील आखणी पुढे ठेवून एकेक विभाग भरावा.

(५) त्याच संगणकावर विंडोजही ठेवावयाचे असल्यास विंडोजचा विभाग विंडोजमधूनच लहान करावा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली आधी लिहून ठेवावी. आधीचा ईएफआय विभाग असतो तोच वापरावा, त्याची मांडणी नव्याने करू नये. ती केल्यास विंडोज सुरू करणारी फाइल पुसली जाते.

(६) पुढे प्रणाली पुन्हा बसविताना ‘/होम’ची जागा दाखवावी, परंतु ‘फॉरमॅट’ची खूण तेथे करू नये. लिनक्स फाइलीचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखते. डेबियन व उबंटू यांत पहिल्या वापरकर्त्यास १००० हा क्रमांक मिळतो. म्हणून वापरकर्ते पूर्वीच्याच क्रमाने निर्माण करावेत, नाहीतर सातवीच्या फाइली पाचवीच्या नावावर दिसू लागतील. वापरकर्त्यांची क्रमवार यादी शाळेच्या दप्तरी ठेवणे हितावह होय.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. वेगळा विभाग म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. विभागामुळे प्रणालीच्या बिघाडापासून रक्षण होते, डिस्कच्या बिघाडापासून नाही. डिस्क निकामी झाली तर तिच्यावरील सर्व विभाग एकदमच जातात. यास्तव ‘/होम’ची प्रत निदान महिन्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून दूर, कपाटात ठेवावी.

७. वर्गपाठ : इयत्ता सातवी

पूर्वज्ञान : दशांश अपूर्णांक, प्रमाण, सेंटिमीटर व मिलिमीटर.
साहित्य : ५० सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी, रंगीत खडू, चार पाकिटे.

हेतुकथन : ‘आपल्या शाळेच्या संगणकाच्या पोटात कोणते कप्पे आहेत, ते आज आपण मापून पाहू.’

प्रतिपादन : १ सेंटिमीटर म्हणजे १० गिगाबाइट असे प्रमाण फळ्यावर लिहावे. मुलांनी आखणीतील प्रत्येक विभागाची लांबी काढावी. ईएफआय विभाग १ मिलिमीटर, मूळ विभाग ६ सेंटिमीटर, मोकळी जागा ३.१ सेंटिमीटर, स्वॅप ८ मिलिमीटर व ‘/होम’ ४० सेंटिमीटर, अशी उत्तरे येतील. पट्टीवर खुणा करून ती रंगवावी. त्यानंतर शिक्षकांनी विचारावे, ‘यांतला कोणता तुकडा पुसला तर संगणक सुरूच होणार नाही?’ पुष्कळ मुले सर्वांत मोठ्या तुकड्याकडे बोट दाखवतील. तेव्हा पट्टीच्या टोकाचा तो १ मिलिमीटरचा तुकडा दाखवावा. अर्धा मीटर लांबीच्या पट्टीत जेमतेम दिसणाऱ्या त्या रेषेवाचून बाकीचे सर्व अडून राहते.

उपयोजन : चार मुलांनी क्रमाने उभे राहावे व फर्मवेअर, ग्रब, कर्नल आणि मूळ विभाग अशी नावे घ्यावीत. प्रत्येकास फक्त एका ठरावीक रंगाचे पाकीट उघडण्याची मुभा असावी, आणि त्या पाकिटात पुढच्या मुलाचे नाव असावे. एकदा साखळी पूर्ण होऊ द्यावी. दुसऱ्या वेळी ग्रबचे नाव असलेली चिठ्ठी फर्मवेअरला उघडता न येणाऱ्या रंगाच्या पाकिटात ठेवावी. साखळी पहिल्याच मुलापाशी थांबेल. का थांबली, हे मुलांनीच सांगावे. शिक्षकांनी उत्तराची घाई करू नये.

८. स्वाध्याय

(१) २५० गिगाबाइटांच्या डिस्कवर ईएफआय विभागास १, मूळ विभागास ४५ व स्वॅपला ४ गिगाबाइट दिले, आणि २० गिगाबाइट मोकळे ठेवले. ‘/होम’ला किती उरतील?
(२) एमबीआर पद्धतीत चारच मुख्य विभाग का मावतात, ते आकडेमोड करून दाखवा.
(३) प्रणाली बिघडली, तसेच डिस्क निकामी झाली. या दोन प्रसंगी स्वतंत्र ‘/होम’ विभागाचा काय उपयोग होईल, ते वेगवेगळे लिहा.
(४) आपल्या शाळेच्या संगणकावरील कोणत्या फाइली पुन्हा निर्माण करता येणार नाहीत, त्यांची यादी करा.

शेवटच्या प्रश्नाची यादी मुलांकडून तयार झाल्यावर शिक्षकांनी ती आखणीच्या कागदाला जोडून संगणकाशेजारी लावावी. पुढे कोणी नवा शिक्षक वा कारागीर त्या यंत्रास हात लावील, तेव्हा त्याच्या दृष्टीस ती प्रथम पडेल, आणि काय पुसावयाचे नाही, हे त्यास वेगळे सांगावे लागणार नाही.